पट्टा उतरला

कोल्हापूरच्या त्या सोसायटीत आता घरोघरी एक इशारारोप असे. मुठीत मावेल एवढं, जाड पानांचं. हवेत विषारी वायू मिसळला की त्याच्या पानांवरचे पांढरे पट्टे लालभडक होत. वर्षभराने मात्र पट्टे निकामी व्हायचे आणि नवं रोप विकत आणावं लागायचं. बुंध्याशी पिल्लं फुटणारच नाहीत, असंच ते कंपनीने घडवलं होतं.

कुमुदिनी खर्डेकरांना हे पटत नव्हतं. त्यांनी एक पान मातीत खोवून पाहिलं. पिल्लू आलं, पण नुसतं हिरवं. दुसऱ्या पानातून पांढरंशुभ्र आलं आणि हरितद्रव्याअभावी उपाशी मेलं.

"हिरव्या नि पांढऱ्या पेशी पिल्लात एकत्र उतरल्या तरच पट्टा येणार," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्या एकत्र असतात बुंध्यात. आणि बुंध्याला पिल्लं फुटू न देणारं रसायन तयार होतं शेंड्यात."

बोलता बोलता त्यांनी दोऱ्याचा फास आवळून शेंडा छाटलासुद्धा.

"अगं, मारलंस की त्याला!" रघुनाथराव ओरडले.

जखम वाळेपर्यंत कुमुदताईंनी पाणी तोडलं. उन्हाळा सरता सरता बुंध्याभोवती पट्टेरी पिल्लं वर आली. त्यांनी ती मुळांसकट सोडवून शेजाऱ्यांना वाटली.

समोरची रेश्मा नायकवडी जरा घुटमळली. "काकू, घरचं रोप चालतं का हो? कंपनी म्हणते, भरवशाचं नसतं."

"ठेव तर खरं. दिसायला तरी गोड आहे."

रेश्माने ते न्हाणीघराच्या दाराबाहेर, आपल्या वर्ष उलटलेल्या जुन्या रोपाशेजारी ठेवलं. एका रविवारी सासूबाई आंघोळीला गेल्या. आत गॅसचा गीझर, खिडकी घट्ट लावलेली. रेश्मा तिथून जाताना थबकली. जुन्या रोपाचे पट्टे पांढरेच होते. पिल्लू मात्र लाल झालं होतं. तिने हाका मारल्या. आतून उत्तर नाही. शेजाऱ्यांनी दार फोडलं, बेशुद्ध सासूबाईंना मोकळ्या हवेत आणलं.

दवाखान्यातून सुटल्यावर सासूबाई आधी खर्डेकरांकडे आल्या. त्यांनी कुमुदताईंचे हात डोळ्यांना लावले. रघुनाथराव मात्र दिसेल त्याला सांगत सुटले, "आमच्या हिने वाढवलंय ते!"

बातमी कंपनीपर्यंत पोचली. तिथल्या संशोधक डॉ. मृदुला अकोलकर स्वतः आल्या. कुंडी उचलून त्यांनी एकेक पट्टा निरखून पाहिला.

"प्रयोगशाळेत आम्हाला पुढच्या पिढीत कामाचा पट्टा टिकवता आला नव्हता," त्या मोकळेपणाने म्हणाल्या. "तुम्ही खिडकीत टिकवलात. हे रोप द्याल आम्हाला?"

कुमुदताईंची मान ताठ झाली. "मूळ रोप नाही. पिल्लू देते. पण शब्द द्या, यापुढे तुमच्या रोपांना पिल्लं होऊ द्याल."

डॉक्टरांनी नजर खाली वळवली. "ते माझ्या हातात नाही हो."

"बाई, त्या घरात एक जीव वाचलाय," कुमुदताई शांतपणे म्हणाल्या. "मग हे नेमकं आहे तरी कोणाच्या हातात?"