निळ्या वीराचे शून्य गुण

"हो राक्षस," म्हणत कावेरीने घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात तीन मोठ्या काजूबिया मांडल्या. "ही तेची तीन तोंडां. हो तांबडो दगड म्हणजे लाल वीर, तू. हो दुसरो निळो वीर, मी. आता सांग, काल आपण खंय मेलंव?"

"दुसऱ्या तोंडाकडे," गुरुदास म्हणाला. "तू मध्ये इलंस म्हणान."

"मी नाय इलंय. तूच माझ्या पुढ्यात उडी मारलंस."

"दोघांय मेलास, इतक्या खरा," तुळसा म्हणाली. ती नऊ वर्षांची होती आणि तिला खेळात कोणी घेत नव्हतं, त्यामुळे खरं बोलायला तिला काहीच अडचण नव्हती.

कावेरी आणि तुळसा सख्ख्या बहिणी. गुरुदास त्यांचा आतेभाऊ, कावेरीच्याच वयाचा, मे महिन्याच्या सुट्टीत वेंगुर्ल्याहून मामाकडे आलेला. आणि राक्षस राहायचा सात किलोमीटरवर शिरोड्याला, भाईच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात. तिघं रोज तिथवर रमतगमत चालत जायची, किती वेळ लागतो ते कोणी बघत नव्हतं. भाई घाटावरचा माणूस. त्याने त्या वर्षी, म्हणजे सत्याऐंशी साली, गोव्याहून कपाटाएवढं व्हिडिओ गेमचं मशीन आणलं होतं. दोघांनी मिळून खेळायचं, जंगल आणि किल्ला ओलांडायचा आणि शेवटी तीन तोंडांच्या राक्षसाला मारायचं. दुकानात छताला एक हिरवीगार नवी सायकल टांगलेली होती आणि तिच्याखाली पाटी: 'रोज सायंकाळी चार ते सहा. राक्षस मारणाऱ्या जोडीस ही सायकल बक्षीस. मुदत ३१ मे.'

गुरुदासला त्या सायकलचा काही उपयोग नव्हता. वेंगुर्ल्याला त्याचं घर शाळेच्या एवढं समोर होतं, की घंटा त्याला अंथरुणात ऐकू यायची. सायकल हवी होती कावेरीला. वाडीतली शाळा सातवीला संपत होती आणि ती सातवी पास झाली होती. हायस्कूल शिरोड्याला. एस.टी. यायची ती शाळा सुटल्यावर शाळेत पोचवायला. बाबा म्हणाले होते, "सायकल असती तर धाडलंय असतंय तुका." मिळणार नाही हे पक्कं ठाऊक असलं की माणसं असं मोकळ्या मनाने बोलतात. कावेरीने मात्र तो शब्द धरून ठेवला होता.

"जिंकलंव तर सायकल तुझी," गुरुदासने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "देवाशप्पथ." तुळसा साक्षीला होती.

कावेरीने निळ्या वीराचा दगड उचलून लाल दगडाच्या पुढे ठेवला. "काल मी नीट बघलंय. राक्षस आग सोडता ती कोणावर? जो शेवटी घाव घालता तेच्यावर. दोघांय घाव घालतंव म्हणान दोघांय मरतंव. एकान नुसती ढाल धरून पुढे उभ्या ऱ्हवाचा आणि दुसऱ्यान तेच्या पाठसून मारूचा."

"ढालीचा बटण दाबला की तलवार चलना नाय."

"नाय चलना."

"मग ढालवाल्याक गुण कसले?"

"शून्य," कावेरी म्हणाली. "गुणांचा लोणचा घालूचा आसा काय तुका?"

त्या दिवशी पहिली ढाल गुरुदासने धरली. अर्ध्या मिनिटात त्याचा अंगठा वळवळला, त्याने ढाल सोडून एक घाव घातला आणि दोघे जळून खाक झाले. दुसऱ्या वेळी तेच. "माका नुसता उभ्या ऱ्हवाक जमणा नाय," तो वैतागून म्हणाला. मग ढाल कावेरीने घेतली. समोरून आगीचे लोळ येत होते, पडद्यावरचा तिचा निळा वीर मागे सरकत होता, पण तिने बटणावरचं बोट हलवलं नाही. पहिलं तोंड पडलं. दुसरं पडलं. तिसऱ्याचा जीव अर्ध्यावर आला, आणि पडदा काळा झाला. पुन्हा उजळला तेव्हा खेळ पहिल्यापासून, जंगलातून सुरू झाला होता.

"राक्षसाची माया आहे बाळांनो," गल्ल्यामागून भाई म्हणाला. "सगळ्यांचं असंच होतं. महिन्यात एकालाही जमलं नाही." त्याच्या आवाजात दुःख अजिबात नव्हतं.

बाहेर आल्यावर तुळसा म्हणाली, "पंखो पण मेलो."

"कसलो पंखो?"

"दुकानातलो. तुमचो राक्षस काळो झालो तेव्हा पंखो पण थांबता थांबता ऱ्हवलो. कालय तसोच." खेळायला न मिळालेली माणसं पंख्याकडेच बघत बसणार, दुसरं करणार काय.

कावेरी थांबली. कान देऊन ऐकू लागली. दुकानाच्या मागून घरघर येत होती.

मागे बर्फाचा कारखाना होता. संध्याकाळी होड्या किनाऱ्याला लागल्या की मासळीसाठी लाद्या यंत्रात घालून फोडायच्या, एवढं काम धोंडू नावाचा माणूस करायचा. दुसऱ्या दिवशी तिघांनी परीक्षा घेतली. तुळसा कारखान्याच्या दारात उभी राहिली आणि धोंडूने यंत्राची कळ ओढली की रुमाल हलवू लागली. कावेरी दुकानाच्या मागच्या दारात उभी राहून तो रुमाल आणि मशीन दोन्ही बघत होती. चार वेळा रुमाल हलला. चारही वेळा पंखा मंदावला आणि कोणाचा ना कोणाचा डाव जंगलात परत गेला.

"धोंडूकाका," कावेरीने जाऊन विचारलं, "तुमचा ह्या यंत्र किती वाजता चलता?"

"होडये लागतत तेव्हा. चार ते सहा. एक होडी इली की चालू, बर्फ भरलो की बंद. एकाच तारेवर आसंव आम्ही आणि भाई. तेणाय ह्याच इचारल्यान, मशीन आणल्यान तेव्हा."

पाटीवर चार ते सहा का लिहिलं होतं ते आता तिघांना कोणी सांगायची गरज नव्हती. दर आठ-दहा मिनिटांनी यंत्र चालू व्हायचं आणि राक्षसापर्यंत पोचून त्याला मारायला अकरा मिनिटं लागायची. महिनाभर गावातली पोरं स्वतःला मूर्ख समजून घरी जात होती.

"मामाक सांगूया," गुरुदास म्हणाला.

"सांगून काय होतला? भाई म्हणतलो, वीज काय माझ्या बापाची? सायकल थंयच टांगून ऱ्हवतली." कावेरी धोंडूकडे वळली. "काका, तुमका सुट्टी कधी?"

"परवा. देवीचा वार्षिक, वर्साची जत्रा नाय? त्या दिवशी जाळा पाण्यात घालूचा नाय. होडी नाय तर बर्फ कित्याक?"

समुद्राकाठच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण भाई घाटावरचा. त्याला देवीचं वार्षिक म्हणजे गर्दी आणि गर्दी म्हणजे विक्री, इतकंच माहीत होतं. त्याने त्या दिवशी पाटीला झेंडूची माळ घातली.

परवाच्या दिवशी देवळातून परतणारी सगळी माणसं सरबताला त्याच्याकडेच थांबली. बाबा होते, आणि गुरुदासला न्यायला आलेली त्याची आई, म्हणजे कावेरीची आत्याही होती. चार वाजता कावेरी आणि गुरुदास मशीनपुढे उभे राहिले.

कावेरीने पहिल्यापासूनच ढाल धरली. जंगल गेलं. किल्ला गेला. पहिल्या तोंडाशी गुरुदास डावीकडे सुटायला बघत होता. "माझ्या पाठी ऱ्हव," कावेरी म्हणाली. दुसरं तोंड पडलं तेव्हा मागे माणसं जमली होती. गल्ल्यामागचा भाई मान वळवून कारखान्याचा कानोसा घेत होता आणि तिथून काही येत नव्हतं. तिसऱ्या तोंडाचा जीव अर्ध्यावर आला, पाव झाला. कावेरीचं बोट बधिर झालं होतं. पंखा नीट फिरत होता.

"आता," ती म्हणाली. गुरुदासने शेवटचा घाव घातला. राक्षस कोसळला.

भाई म्हणाला, वीज कमीजास्त होती, आजचा डाव धरता येणार नाही. तेव्हा कावेरीने सगळ्यांसमोर, न अडखळता, पंखा, बर्फाचं यंत्र आणि चार ते सहाची पाटी हे सगळं सांगितलं. धोंडूने मान हलवली. माणसं भाईच्या अंगावर धावून जायची तेवढी राहिली. त्याने मुकाट्याने सायकल खाली काढली.

"माझा चेडू हुशार आसा," बाबा लेकीकडे बघत मोठ्याने म्हणाले. "भाईची लबाडी तिनाच पकडल्यान." धोंडूने तिची पाठ थोपटली. आत्याने तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. कावेरीला त्या क्षणी वाटलं, की बस. झालं आपलं काम.

"सायकल कोणाला द्यायची?" भाईने विचारलं. मार खाता खाता वाचलेल्या माणसाला एक शेवटचा चिमटा काढायचा होता. त्याने पडद्याकडे बोट केलं. "मशीन काय म्हणतं बघा. लाल वीर नऊ हजार चारशे. निळा वीर शून्य."

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. कोणीतरी हसलं, वाईट मनाने नाही.

"भाच्याचीच सायकल," बाबा म्हणाले. "मामाच्या गावात येवन जिंकल्यान. तेका रिकाम्या हातान कसो धाडू?"

"बाबा, शून्य आसा म्हणानच राक्षस मेलो," कावेरी म्हणाली. "ढाल मी..."

"होय गो, तू होतंस म्हणान तेका जमला," आत्या कौतुकाने म्हणाली.

"गुरुदादान देवाशप्पथ घेतलेली," तुळसा ओरडली. "सायकल ताईची म्हणान."

"मोठी माणसां बोलतत थंय तोंड घालू नये," बाबा म्हणाले. मग हसून गुरुदासला विचारलं, "काय रे, खरा?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. आईचा हात त्याच्या डोक्यावर होता. गुरुदासने सायकलच्या घंटीकडे बघितलं. अंगठ्याने ती एकदा वाजवली.

दुकानातून निघताना कावेरीने भाईच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. पाच वाजायला वीस मिनिटं होती.

बाबा, आत्या आणि तुळसा पुढे चालत होते. गुरुदास सायकल हातात धरून मागे येत होता. पहिल्या चढावर त्याने तिला गाठलं. "कॅरियरवर बस," तो म्हणाला.

"तू कित्याक बोलूक नाय?"

"आई होती. मामा होतो. सगळे बघी होते."

"अकरा मिनिटां मी ढाल धरलंय," कावेरी म्हणाली. "तुका एकच मिनिट धरूची होती."

तो बराच वेळ तिच्या बाजूने सायकल ढकलत राहिला. ती बसली नाही. शेवटी तो सायकलवर बसून पुढे गेला.

घरी पोचली तेव्हा बाबा खळ्यात शेजाऱ्यांना सांगत होते, भाच्याने राक्षस कसा मारला ते. "चेडवान पण साथ दिल्यान हां," ते म्हणाले, आणि शेजाऱ्यांनी तिच्याकडे बघून माना डोलावल्या. खळ्यात अजून त्या तीन काजूबिया आणि दोन दगड तसेच होते. कावेरीने ते पायाने बाजूला केले, आत जाऊन घड्याळ पाहिलं आणि पायरीवर तुळसाशेजारी येऊन बसली.

"किती वाजले?" तुळसाने विचारलं.

"सहा वीस. म्हणजे चलत एक तास चाळीस मिनिटां." कावेरीचे पाय दुखत होते आणि डोळ्यांत पाणी होतं, ते तिने पुसलं नाही. "हायस्कूल साडेधाक भरता. साडेआठाक निघाक व्हया."

"बाबांका सांगलंस?"

"नाय," कावेरी म्हणाली. "तेंका इचारूचाच नाय आता."