निवड्याची शिकवणी

निवड्या चांगले बेदाणे का फेकतोय, हे कुणालाच कळेना.

निवड्या म्हणजे तासगावजवळच्या एका बेदाणा शेडमध्ये नवा आलेला यंत्रमानव. पट्ट्यावरून बेदाणे सरकत आले, की त्याचे संवेदक (रंग, आकार टिपणारे त्याचे डोळेच म्हणा ना!) एकेक दाणा बघायचे. चांगला असेल तर पुढे. खराब असेल तर हवेचा झोत, फुर्रर्र, की गेला खालच्या टोपलीत! आज मात्र फुर्रर्र थांबतच नव्हतं. टोपली भरून सांडायला लागली.

रेवतीची आई, शैला, डोक्याला हात लावून बसली. आजवर ती हातानं बेदाणे निवडायची. ते काम आता निवड्याचं. पण त्याला शिकवायला कुणीतरी हवंच होतं. शैलानं प्रशिक्षण घेऊन ती जागा मागितली होती. संध्याकाळी मालकीणबाई येणार होत्या. निवड्याला जमलं तर जागा शैलाची, नाही तर शहरातून दुसरं कुणी येणार.

"काय रे निवड्या, डोळे फुटले का तुझे?" रेवती चिडली.

"सहाही शाबूत आहेत," निवड्या म्हणाला. "पण मला दाखवले होते, तसे चांगले बेदाणे यात नाहीतच."

रेवतीनं टोपलीतला एक सुरकुतलेला दाणा तोंडात टाकला. गोड! मग एक तपकिरी डागाचा. तोही गोड!

"खा, खा. टोपलीच संपव," आई म्हणाली.

"आई, तू ह्याला शिकवताना काय दाखवलंस?"

"सौद्याला पेटीत वर ठेवतो तसला माल. हिरवागार, टपोरा. नमुन्याला कुणी डावा माल ठेवतं होय?"

"आणि खराब म्हणून?"

"बुरशीचा, काळाठिक्कर."

"आणि मधले?"

आईनं जीभ चावली. "ते दाखवायचे राहिलेच की!"

निवड्या म्हणाला, "मी उदाहरणं बघून शिकतो. याला यंत्रशिक्षण (नियम पाठ न करता, उदाहरणांतलं साम्य शोधून यंत्रानं शिकणं) म्हणतात. तुम्ही मला नुसते नवरदेव दाखवलेत आणि म्हणालात, माणसं अशी असतात. मग रोजच्या कपड्यातला माणूस दिसला, की मी..."

"फुर्रर्र!" रेवती हसत सुटली. आईलाही हसू फुटलं.

मग दोघी कामाला लागल्या. सुरकुतलेले, बारके, डागाळलेले, एकमेकांना चिकटलेले, सगळे दाणे निवड्यासमोर आले. काही दाण्यांपाशी आईचाही हात अडखळला.

"हा दाबून बघितल्याशिवाय कळायचा नाही."

"मला दाबता येत नाही," निवड्या म्हणाला.

"मग शंका आली, की बाजूला ठेव आणि मला हाक मार."

संध्याकाळी मालकीणबाईंनी बराच वेळ पट्टा बघितला. फुर्रर्र अधूनमधूनच होत होतं.

"हा वेगळा ट्रे कसला?"

"शंकेचा," शैला म्हणाली. "तो माझ्याकडं. मी बघून सांगते, त्यातनं तो अजून शिकतो."

मालकीणबाईंनी मान डोलावली. "सोमवारपासून जागा तुझी."

दारात शेजारच्या पारूकाकू उभ्या होत्या. इतकी वर्षं शैलाच्या शेजारी बसूनच निवडायच्या त्या. "शैले, मला जमंल का गं हे?"

शैलानं त्यांना आपल्या स्टुलावर बसवलं. "ह्याला काळे मनुके अजून येत नाहीत, काकू. तेवढे तुम्ही शिकवा. आणि चुकलं तर चुकू दे, आम्ही पण चुकलो."

"सांगा, बाई," निवड्या अदबीनं म्हणाला.

पारूकाकूंना आजवर कुणी असं, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं, बाई म्हटलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला आणि सगळ्यात वाकडातिकडा मनुका उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरला.