पुढचं डावं चाक

"चाक उचल, फिरव, मंग बोल." लाकडं वाहणारा ट्रक चालवणाऱ्या बापाचा हा आवाज ज्योत्स्ना मडावीच्या कानात तीस वर्षं मुरला होता. आता ती चंद्रपुरात खासगी तपासाची कामं करायची. आज ती कुरखेड्याजवळच्या एका गावात, लटारूभाऊच्या अंगणात, चेपलेल्या जीपपुढे उभी होती.

परवा बाजाराच्या रस्त्यावर ही जीप घसरून कडेच्या शेतात, धानाच्या बांधीत गेली आणि आत बसलेल्या सोमारीबाईचा हात मोडला. ड्रायव्हर इसरूनं गाडी बेफाम पळवली, असं मालक लटारूभाऊचं म्हणणं. दुपारी तक्रार ठाण्यात गेली की इसरूचं लायसन जाणार होतं. दुसरं कोणतंच काम त्याला येत नव्हतं, म्हणून त्यानंच ज्योत्स्नाला बोलावलं होतं.

"गाय आडवी आली," इसरू म्हणाला. "ब्रेक दाबला तं चाकं जाम! जाम होऊ नये मनून तं एबीएस असते ना बाई? अन् बिघाडाचा लाइट लागलाच नाई."

ज्योत्स्ना आत डोकावली. स्टिअरिंगमागच्या वेगाच्या काट्यांच्या काचेवर देवीचं नवंकोरं स्टिकर होतं, त्याच्या कडेला काळा डाग. तिनं ओला रुमाल घासला. डाग हलला नाही.

मिस्त्री निकेश आला. "महिन्याआंधी एबीएसचे चारही चाकांचे सेन्सर मीनंच पाह्यले. आताबी पाहा."

ज्योत्स्नाचा कामातला जोडीदार हरिदास मीटर घेऊन गाडीखाली शिरला. चारही सेन्सर अकराशे ओहमच्या आसपास. "टकाटक हायेत. इसरू फेकून राह्यला."

"लटारूभाऊ, तुमी गाडीले कवा हात लावला?"

"दोन महिने नाई. मले फुरसत कुठी?" त्यानं अंगठ्यावरची चिंधी घट्ट केली. "चहाचा चटका बसला," हे मात्र न विचारताच सांगितलं.

ज्योत्स्नानं जॅक लावला. "हरिदासभाऊ, मीटर व्होल्टवर घ्या."

ती एकेक चाक उचलून हातानं फिरवत गेली. तीन चाकांवर आकडा उठला. पुढचं डावं गरागरा फिरलं, आकडा शून्यावरच.

"मघा तं चांगला होता!" हरिदास ओरडला.

"मघा चाक उभं होतं. तार तुटली नाई, एवढंच कळलं. चाकामागच्या चकतीचे दात सेन्सरच्या जवळून फिरले तरच वीज उमटते. हा बोटभर मागं सरकला." तिनं टॉर्च मारला. सेन्सरच्या तारेला आणि शेजारच्या, चाक वळवणाऱ्या दांड्याला मिळून, ताज्या काळ्या दोऱ्यानं बिब्बा बांधला होता. "दृष्ट लागू नये मनून. चाक वळलं का दोरा तार ओढे."

"पण बांधला कोनं?" निकेशनं विचारलं.

"हात दाखवा सगळे."

इसरूचे हात स्वच्छ. निकेशचे ग्रीसनं माखलेले, पण कातडी शाबूत.

"बिब्बा सुईनं टोचून ओवतेत. तेल अंगाले लागलं का फोड येते, अन् डाग धुऊन जात नाई. तोच डाग स्टिकरवर हाये. मनजे बिब्बा बांधणारा अन् स्टिकर लावणारा एकच. चिंधी सोडा, लटारूभाऊ."

चिंधी सुटली. अंगठ्यावर काळ्या कडेचा फोड टरारला होता.

ज्योत्स्नानं स्टिकर सोलून चावी फिरवली. स्टिकरखाली झाकलेला एबीएसचा पिवळा दिवा लागला तो विझेचना. कुंपणापाशी जमलेल्या गावानं एकच गिल्ला केला, हरिदासनं स्वतःच्या कानाची पाळी धरली. इसरूनं खिशातलं लायसन काढून कपाळाला लावलं. तो हसत होता आणि रडतही होता.

गळ्यात हात बांधलेली सोमारीबाई पुढे आली. "काऊन गा भाऊ?"

लटारूभाऊनं सुटलेली चिंधी परत अंगठ्याला गुंडाळली.

"अमुशेले बिब्बा बांधला, चांगल्यासाठीच. दुसऱ्या दिवशी लाइट लागला. बाजार होऊन जाऊ दे, मंग दाखवू, मनून झाकला." त्याचा आवाज खाली गेला. "तू गाडीत बसली तवा मी इथीच उभा होतो, बाई. उतर मनावं, असं तोंडाशी आलतं. नाई मनलं."