पिंपरवाडीची ज्वारी गेली कुठे?

"फोडा कुलूप! बसप्पाच्या दुकानाचं कुलूप फोडा!"

चावडीवरची ती आरोळी ऐकली आणि माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या धाब्यावर, बसलेल्या जगदेवीचा चेहरा पांढराफटक पडला. बसप्पा म्हणजे तिचे अण्णा, तिचे वडील. पिंपरवाडीतलं किराण्याचं एकुलतं एक दुकान त्यांचं!

"रडू नको! आधी ऐकू तर दे, काय म्हणतायत!" गहिनीनाथ म्हणाला. हा गडी बीडच्या शाळेत शिकायचा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी आला की गावभर पुढारपण करायचा. माळवदही त्याच्याच घराचं होतं.

तिघं कठड्यापर्यंत सरपटत गेली. तिसरा होता सिदू, धनगराचा पोरगा. त्याचा आवाज असा, की तो कानात कुजबुजला तरी पलीकडच्या आळीत ऐकू जायचं.

खाली पाटील सुंदरराव हातवारे करत होते. "औंदा पाऊस कमी पडला, मान्य! म्हणून ज्वारी दुप्पट महाग? दर बाजाराला भाव चढतोच हाय! ह्या बसप्पानंच माल दडवलाय! दिवस कलला की कुलूप तोडायचं, ज्वारी वाटून घ्यायची अन् ह्याला गावाबाहेर काढायचा!"

"काढायचाच!" सगळ्यांत मोठ्यानं ओरडले ते रामकिसन. म्हणजे गहिनीनाथचे दादा, त्याचे वडील! गहिनीनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दुकानात दोन पोतीबी न्हाईत रे," जगदेवी हुंदका आवरत म्हणाली. "अण्णा चकलांब्याच्या बाजाराला गेलते, रिकामी गाडी घेऊन आले. खरं सांगितलं तर कुणी ऐकंना!"

"मग ज्वारी गेली कुठं बे?" सिदू कुजबुजला.

खाली दोघांनी चमकून वर पाहिलं! तिघंही पटकन आडवी झाली. गहिनीनाथचा गाल मातीला टेकला आणि तो तसाच पडून राहिला. माती मऊ होती, पांढरी होती, अगदी ताजी होती.

आता, आमच्या भागातली घरं मातीच्या सपाट धाब्याची. पावसाळ्यात गळू नयेत म्हणून मृगाच्या तोंडावर खाणीतून पांढरी माती आणून वर पसरतात. पण मृगाला अजून किती वेळ होता!

"सिदू, खाणीकडं कुणाच्या गाड्या गेलत्या का?"

"एकबी न्हाई! माझी मेंढरं तिथंच असत्यात की!"

गहिनीनाथनं मान वर केली. पाटलांचं माळवद पांढरं! आसाराम तेल्याचं पांढरं! शेजारचं, पाजारचं, सगळी पांढरी! एकट्या बसप्पांचं तेवढं काळपट, जुनं!

"खाणीतून न्हाई, तर मग एवढी माती आली कुठून?"

जगदेवी ताडकन उठून बसली. "जमिनीतून! पेव खणलं की अशीच माती निघते! ती लपवायची कुठं? माळवदावर!"

पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा. वर दगड बसवून शेणमातीनं लिंपला की कुणाच्या बापाला पत्ता लागत नाही. आपण कुणाच्या माळवदावर बसलोय, ते गहिनीनाथच्या ध्यानात आलं होतं.

तो उठला आणि थेट आपल्या गोठ्यात उतरला, मागोमाग ते दोघं. गव्हाणीजवळ कडब्याच्या पेंढ्या नको तिथं रचलेल्या. त्या बाजूला केल्या, तर खाली ओली शेणमाती! तिघांनी पहार लावून दगड सरकवला. आंबूस, गरम वाफ तोंडावर आली.

"मी बघतो!" म्हणून सिदूनं आत पाय सोडलाही.

"मरायचंय का?" जगदेवीनं त्याला सदऱ्याला धरून मागं खेचलं. "कोंडलेल्या पेवात जहरी हवा असती! आधी दिवा सोडत्यात!"

दोरीला बांधून कंदील सोडला. ज्योत लहान झाली, निळी झाली आणि फट्‌ करून विझली! पण विझण्याआधी खाली ज्वारीचा ढीग लख्ख दिसला. सिदू गव्हाणीपर्यंत मागं सरकला.

"आमच्याच घरात," गहिनीनाथ पुटपुटला. "अन् दादाच सगळ्यांत मोठ्यानं वरडत होते."

"चल, चावडीवर सांगू!" जगदेवी म्हणाली.

"मी सांगितलं तर एकटे दादा चोर अन् बाकीचे साव! तवर ते आपली ज्वारी हलवतील. सगळी पेवं एकदम उघडली पाहिजेत. ती बी ज्यानं त्यानं आपल्या हातानं!"

"ते काय खुळे हायत?" सिदू म्हणाला.

"भाव चढंल ह्या भीतीनं पुरली ना? मग भाव पडतोय म्हटलं तर?"

जगदेवीचे डोळे चमकले. सिदूला काय करायचं ते सांगावंच लागलं नाही. तो गावाबाहेर पळाला, अंगावर धूळ उडवून घेतली आणि बोंब ठोकत परत आला.

"जालन्याला आगगाडीनं ज्वारी आली! डब्यांमागं डबे! गाड्या भरभरून हिकडं निघाल्यात! उद्या भाव निम्मा!"

सगळ्यांच्या माना सिदूकडं वळल्या!

"तुला कुणी सांगितलं बे?" पाटील ओरडले.

"वाटंवरच्या गाडीवानानं! लई खुशीत होता!"

आसारामला अचानक म्हशीची आठवण झाली. कुणाला वैरण टाकायची होती, कुणाचं पोट दुखायला लागलं. बघता बघता चावडी ओस पडली.

दिवस कलला. बसप्पांनी दुकानाचं कुलूप स्वतःच काढून ठेवलं होतं. "तोडायची तसदी तरी कशाला?" ते म्हणाले आणि उंबऱ्यात बसले. जगदेवी त्यांना बिलगून बसली. डाव फसला तर आज रात्री आपण कुठं झोपणार, एवढंच तिच्या मनात होतं.

पावलं वाजली! कोपऱ्यावरून पाटलांचा गडी धुळाजी आला. त्याच्या खांद्यावर पहार!

जगदेवीनं डोळे मिटून घेतले.

"पेव उघडून झालं, आता पहार ठिव की खाली, येड्या!" मागून पाटलांचा दबका आवाज आला. "पोतं उचल! बसप्पाअण्णा, ही थोडी ज्वारी… आजच्या भावानं घेता का?"

तेवढ्यात दुसरीकडून आसाराम आला, डोक्यावर पोतं! बोळातून रामकिसन आले, पाठीवर पोतं! आणखी पोती, आणखी माणसं! सगळे एकमेकांकडं बघतच राहिले. तोंड लपवायला जागा नव्हती.

बसप्पा सावकाश उठले. "पाऊस कमी पडला, तिकडं सरकारच्या मोठ्या लढाईनं माल खाल्ला, नव्या कागदी नोटा वाढल्या अन् धान्य काय वाढलं न्हाई. त्यानं भाव चढला, खरं हाय. पण उद्या मिळंल न मिळंल म्हणून तुमी दुप्पट घेऊन पुरली, मग बाजारात उरली किती? भाव पुन्हा चढला. मग पुन्हा पुरली! अन् चोर कोण, तर मी!"

"ते जाऊ द्या," रामकिसन घाईनं म्हणाले. "जालन्याच्या गाड्या कुठवर आल्या?"

सिदू आभाळाकडं बघायला लागला. गहिनीनाथ पुढं झाला. "गाड्या न्हाईत, दादा. आवई मी उठवली."

रामकिसननं खाडकन हात उगारला. "कावून केलंस असं?"

"आपलं पेव बघितलं म्हणून."

हात तसाच राहिला आणि मग हळूहळू खाली आला. पाटील खाकरले. "रामकिसन, मारायचं तर आधी मला मार. ह्या पोरांनी गावाची अब्रू राखली! ज्वारी उतरवा रे, अन् भाव चढायच्या आधीच्या दरानं विका!"

रामकिसननं पोराला जवळ ओढलं. "खोटं बोललास, ते चुकलंच. पण तू नसतास, तर आज ह्या हातांनी मी बसप्पाचं घर लुटलं असतं. पोटभर ज्वारी घरात असताना!"

मग त्यांनी बसप्पांपुढं हात जोडले, आणि बसप्पांनी ते दोन्ही हात धरून त्यांना दुकानात नेलं.