परक्या घरातली सकाळ

चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, हे माझं काम. दुकानाच्या मागच्या खोलीत बसायचो. घरी एकटाच. आजारी पडलो तर पाणी द्यायलाही कोणी नाही. पण तेही अंगवळणी पडलं होतं.

त्या सकाळी कोणीतरी खांदा हलवला.

"अहो, उठा की. चहा गार होतोय."

खोली अनोळखी होती. समोर ओल्या केसांची, पस्तिशीतली बाई. दारात एक लहान मुलगी, एकाच पायात मोजा घातलेली.

"बाबा, दुसरा शोधून द्या ना!"

झोपेचा अंमल असेल म्हणून मी तोंड धुवायला गेलो. आरशातला चेहरा माझा नव्हता. हात मात्र न चाचपडता नेमक्या नळावर गेला.

"कामावर जातो," एवढंच बोललो आणि तडक दुकान गाठलं. मालक काउंटरवर सुन्न बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही.

"आज चष्मे मिळायचे नाहीत. आमचे कारागीर झोपले ते उठलेच नाहीत. शेजाऱ्यांचा आत्ताच फोन आला."

"त्यांच्या घरी कोण असतं?" मी विचारलं.

"काय माहीत! इतकी वर्षं माझ्याकडे होते, पण विचारायचं राहूनच गेलं."

मी माझ्या खोलीवर गेलो. दार सताड उघडं. पलंगावर मी होतो, भिंतीकडे तोंड करून. शेजारच्या काकू उंबऱ्यातच घुटमळत होत्या.

"तुम्ही त्यांचे कोण?"

"भाऊ."

"बरं झालं बाई, कोणीतरी आलं."

चादर आखूड होती. पाय उघडे पडलेले. मी ती ओढून पावलं झाकली. गार होती. रडावंसं वाटलं, पण डोळ्यांत पाणी येईना.

स्मशानात शेवटपर्यंत थांबलो. दुसरं कोणी आलं नाही.

संध्याकाळी जायचं कुठे? पाय आपोआप त्या घराकडे वळले. बाईनं काही विचारलं नाही. गरम जेवण वाढलं. मुलगी माझ्या मांडीला रेलून बसली. माझी वाट पाहणारं कोणी असावं, हे आयुष्यात पहिल्यांदाच. जेवता जेवता मी मनाशी ठरवून टाकलं, इथेच राहायचं.

हात धुवायला आत गेलो, तेव्हा मागून मुलीचा आवाज आला.

"आई, हे बाबा तरी टिकतील ना गं?"

"हळू बोल," ती म्हणाली. "ऐकू जाईल त्यांना."