पायरीवरची बादली

पोहण्याचा तलाव असलेलं घर घ्यायचं तर आधी आपल्याला विचारावं, अख्ख्या इप्सविचात आपल्याइतकं तलावातलं कुणाला कळत नाही, असं म्हातारा क्लॅरी मंट छाती काढून सांगायचा. ऐकणाऱ्यानं मान डोलावली की पुढचं स्वतःच टाकायचा, "पोहता तेवढं येत नाही. पाणी गुडघ्याच्या वर आलं की मला आईची आठवण येते."

त्या शनिवारी मात्र हसायचं त्राण कुणात नव्हतं. ऑस्ट्रेलियातलं फेब्रुवारीचं, ऐन उन्हाळ्याचं ऊन डोक्यावर बसलं होतं. क्लॅरीची मुलगी ब्रॉनविन घरं बघून बघून पार विटली होती. दर शनिवारी तेच. अनोळखी लोकांच्या रांगेत उभं राहायचं, कुणाच्या तरी न्हाणीघरात डोकवायचं आणि "छान आहे" म्हणून बाहेर पडायचं. नवरा सोडून गेल्यापासून ती आणि तिची चार वर्षांची टिली क्लॅरीच्या दोन खोल्यांत दाटीवाटीनं राहत होत्या. क्लॅरीचं झकास चाललं होतं. साखरेच्या डब्यात मीठ भरायचं, तर चहा पिणारं कुणीतरी घरात लागतंच की. ब्रॉनविनला मात्र स्वतःचं दार हवं होतं, बापानं वाजवून आत यावं असं.

हे घर तिला आवडलं. ती टिलीला घेऊन पुढच्या खोलीत पडदे बघत राहिली, आणि क्लॅरी मागच्या अंगणात आला.

तलाव लहानसाच होता. भोवती काळ्या गजांचं कुंपण, बाहेरच्या बाजूला घरघरणारा पंप, पाणी इतकं स्वच्छ की तळाच्या फरश्या मोजाव्यात. फाटक कायद्याप्रमाणे, लहान मुलं आत जाऊ नयेत म्हणून, आपोआप मिटणारं, पण त्याच्या कडीला तार गुंडाळलेली होती. गंजलेल्या तारेवर नवी तार, तिच्यावर आणखी एक.

घर दाखवणारा दलाल ट्रेव्हर घाम पुसत म्हणाला की मालकीणबाई आता वृद्धाश्रमात असतात. इतकी वर्षं इथे राहिल्या, पण पाण्यात एकदाही पाय बुडवला नाही. तलाव उपसू दिला नाही आणि तारही काढू दिली नाही.

"नातवंडांची काळजी असेल," क्लॅरी म्हणाला.

"नातवंडं कुठली? बाईंनी लग्नच केलं नाही," ट्रेव्हर म्हणाला आणि फोन वाजला म्हणून आत गेला.

क्लॅरीनं आपली तपासणी सुरू केली. पानं गाळणारं झाड डोक्यावर नाही, बरं झालं. पंपाचा आवाज शेजाऱ्याला शिव्या द्यायला लावणार नाही, तेही बरं. राहिली गळती. त्यासाठी त्याची बादली होती. ती तलावाच्या पाण्यातल्या पायरीवर ठेवायची, बाहेर जितकं पाणी तितकंच आत भरायचं आणि दोन्हीकडे पेन्सिलीनं रेघ मारायची. रात्रभरात ऊन-वाऱ्यानं उडालं तर दोन्हीकडचं सारखंच उडेल. तलावातलं जास्त उतरलं तर समजावं, कुठेतरी फुटलाय.

तार उलगडता उलगडता त्याची नखं दुखून आली. त्यात बादली घेऊन आत शिरावं तर फाटक ढुंगणावर आपटायचं. शेवटी सुटीच्या दिवशी तलावाकाठी सॉसेज भाजताना तिथला जो तो करतो तेच त्यानं केलं. पंपाजवळची एक वीट फाटकात अडकवली. बादली बसवली, रेघा मारल्या. तेवढ्यात ब्रॉनविननं गाडीचा भोंगा वाजवला. क्लॅरीचे गुडघे कुरकुरत होते. परत वाकायचा कंटाळा आला आणि वीट तशीच राहिली.

रविवारी सकाळी तिघं पुन्हा आली. क्लॅरी एकटाच मागे गेला.

फाटक उघडंच होतं. बादलीतलं पाणी रेघेपाशी होतं. तलावातलं चार बोटं खाली गेलं होतं.

फुटलाय, तो मनाशी म्हणाला, आणि त्याला चोरून आनंदही झाला. फुटका तलाव ब्रॉनविन घेणार नाही, म्हणजे चहाला माणसं राहणार. पण भोवतालची माती ठणठणीत कोरडी होती. ओला होता फक्त पायरीपासून फाटकापर्यंतचा पट्टा. तिथून पुढे घराच्या मागच्या दारापर्यंत ओल गेली होती. उन्हातही वाळत नव्हती. जुन्या, झाकून ठेवलेल्या पाण्याचा वास येत होता.

टिली फाटकाशी कधी आली ते त्याला कळलं नाही. तिचा एक हात थोडा वर होता. मोठ्या माणसाचं बोट धरल्यासारखी मूठ मिटलेली.

"आजोबा, तलाव गळत नाहीये. ते बाहेर आलेत."

क्लॅरीनं तिचा चेहरा निरखला. ही आपलीच चेली, ओठाच्या कोपऱ्यात हसू लपवत असणार. हसू नव्हतं.

"कोण… ते?"

"वीट ठेवली ना, म्हणून तुम्हाला थँक्यू सांग म्हणाले."

वीट त्यानं ठेवली तेव्हा टिली पुढच्या खोलीत होती.

त्यानं वीट लाथेनं उडवली. फाटक खट्‌कन लागलं. तो पुन्हा तार गुंडाळत बसला, पण आतलं पाणी तिथेच, चार बोटं खाली, संथ पडून होतं.

मग त्यानं ब्रॉनविनला बाजूला घेऊन हळू आवाजात विनवलं की हे घर घेऊ नकोस. तिनं पाणी बघितलं, बादली बघितली, बापाकडे बघितलं. आवाज चढवायचीही ताकद तिच्यात नव्हती. म्हणाली, तुम्ही उपसलंत ना ते? आम्ही जाऊ नये म्हणून? आयुष्यभर सगळ्यांना बनवलंत, आता मलाही? उद्या मी सही करणार आहे.

गाडीचं दार उघडताच टिली आत चढली आणि स्वतःच खिडकीला चिकटून, अंग चोरून बसली. शेजारी दोघांना पुरेल एवढी जागा तिनं मोकळी सोडली.

क्लॅरी पुढे बसला. मागे वळून बघायचा त्याला धीर झाला नाही.

"ब्रॉन… टिलीची शपथ. या खेपेला मी काही केलेलं नाही. एक थेंब बाहेर काढला नाही…"

ब्रॉनविन टिलीचा पट्टा लावायला मागे वाकली होती. तिचा हात मोकळ्या जागेवर टेकला आणि तिथेच थांबला. तिनं तळवा उलटून बघितला.

"मग ही सीट कशानं भिजलीय, बाबा?" ती म्हणाली. "बादली तर तुम्ही तिथेच विसरलात."