मोजायचे राहिलेले गाठोडे

शनिवार, १६ डिसेंबर २०१७. सायंकाळचे पाच वाजून पस्तीस मिनिटे. त्या मार्गावर सायकलस्वार: एक.

तो मी.

पुढे जे लिहितो आहे त्यातले एक अक्षरही रचलेले नाही. तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवण्यात माझे आयुष्य गेले. जे तपासता येत नाही ते सांगायचे नाही, ही माझी शिस्त होती. म्हणूनच हे लिहायला इतका उशीर झाला.

निवृत्तीनंतर मी सोनाळ्याच्या घरी राहू लागलो. पत्नी सुभद्रा जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. मुलगी अश्विनी पुण्याला असते. ती मित्रांसोबत नाशिककडच्या द्राक्षबागांमधल्या कच्च्या वाटांवर सायकल चालवायला जाते. तशीच एक रुंद टायरची सायकल तिने मलाही घेऊन दिली.

"बाबा, घरात बसून राहू नका. तुमच्याकडेही अशी एखादी वाट शोधा."

आमच्याकडे द्राक्षे नाहीत, कपाशी आहे. आणि शेतांमधून जाणारा एक बंद पडलेला रेल्वेमार्ग आहे. अरुंद रुळांची गाडी थांबली, मग रूळ गेले, स्लीपर गेले. खडीचा उंच पट्टा तेवढा राहिला. दोन्ही बाजूंना बाभळी.

तिथे कोणी येत नाही. कोणी जात नाही.

मला ती वाट आवडू लागली.

खडीवर मागच्या दोन्ही पिशव्यांचे वजन सारखे असावे लागते. एक बाजू जड झाली की चाक घसरते. म्हणून मी स्प्रिंगचा एक छोटा काटा जवळ बाळगत असे. वर कडी, खाली आकडी, तबकडीवर पंचवीस किलोपर्यंतचे आकडे.

त्या दुपारी वाटेतल्या एका जुन्या थांब्यावर मी विसावलो. फलाटाचा ओटा खचलेला, नावाची पाटी गंजून कोरी झालेली. शेजारचे शेत रज्जाकभाईंचे. ते बांधावरूनच ओरडले.

"आली काय गाडी, सर? तिकीट काढलं का बिनातिकीट?"

"पास आहे," मी म्हणालो.

"टायर पाहून मले वाटलं, ट्रॅक्टरचं पोट्टं येऊन राह्यलं!"

त्यांनी थर्मासमधला चहा दिला. समोरचे शेत पूर्ण उघडे होते. डिसेंबरात कपाशी उभी असायला हवी.

"पहिला वेचा निघाला, सर. मंग बोंडं फोडून पाह्यली तं आत गुलाबी अळी. दुसऱ्या वेच्याले बायाइच्या हाती नुस्ता किडका, पिवळा कापूस. शेवटी ट्रॅक्टरनं रोटावेटर फिरवला. एक पऱ्हाटी ठेवली नाही."

"पण बीटी होती ना? अळी न लागणारी?"

"थैलीवर तं तसंच लिहेल होतं." ते हसले. हसणे फार टिकले नाही.

फलाटावर रुळाच्याच तुकड्याचा एक खांब उभा होता. वरच्या टोकाला लोखंडी हूक. मी त्याकडे बोट केले.

"काटा लटकवाचा हूक हाय तो. वेचणीच्या दिवसात संध्याकाळी इथं काटा लटकलेला दिसला का बाया आपोआप येतात गाठोडे घेऊन. हाक माराचं काम नाही." त्यांनी थर्मासचे झाकण लावले. "आता रिकामाच हाय."

मी पुढे गेलो. तुटलेल्या पुलापर्यंत जाऊन परत फिरलो. वाटेत एका बागवानाने आग्रहाने संत्री दिली. ती सगळी एकाच पिशवीत भरली, आणि सायकल डावीकडे ओढू लागली.

थांब्याशी आलो तेव्हा सूर्य टेकला होता. रज्जाकभाई घरी गेले होते. पिशव्या सारख्या कराव्यात म्हणून मी काटा काढला आणि समोरच्या त्या हुकाला अडकवला.

उंचीला सोयीचा होता, म्हणून. दुसरे काही मनात नव्हते.

पहिली पिशवी लावणार, तोच...

खस्... खस्...

कपाशीच्या वाळलेल्या झाडांना, पऱ्हाटीला, लुगडे घासत जावे, तसा आवाज. शेताकडून.

मी पाहिले. शेतात एक काडीही उभी नव्हती.

खस्... खस्...

बाभळीवरची पाखरे गप्प होती. कधी गप्प झाली, कळले नाही.

"मोजता काय, भाऊ?"

ओट्याच्या खाली एक बाई उभी होती. डोक्यावर पांढरे गाठोडे, पदर पुढे ओढलेला. गाठोड्याच्या सावलीत चेहरा दिसत नव्हता. जवळच्या एखाद्या शेतातली मजूर असेल, असे मला वाटले.

"कोणाच्या शेतातला कापूस, बाई?"

"रज्जाकभाईच्या."

"आणि बाकीच्या बाया?"

"त्याइचं झालं मोजून. माह्यंच राह्यलं." मग जरा अभिमानाने, "आज मले साऱ्याइपेक्षा जास्त झाला."

गाठोडे तिनेच आकडीला लावले. गाठ ताणली गेली. कापड खाली ओघळले. दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही, एवढे मोठे गाठोडे.

काटा शून्यावर होता.

मी तबकडीवर टिचकी मारली.

शून्य.

"किती भरला?"

"काटा अडकलेला दिसतो."

"आकडा बोला, भाऊ. पोरगी दारात बसली असन. मले घरी जाऊ द्या."

"चुकीचा आकडा कसा सांगू?"

तिने गाठोड्याची गाठ चाचपली. वारा पडला होता.

"मंग उद्या येऊ काय?"

अडलेल्या माणसाला पत्ता नीट समजावून सांगावा, तसा मी सांगितला. "उद्या मी इथे नसेन. सोनाळ्याला या. मारुतीच्या देवळामागचे दुसरे घर. तोवर काटा दुरुस्त करून ठेवतो."

"येईन."

स्क्रू तपासण्यासाठी टॉर्च काढायला मी पिशवीवर वाकलो. सरळ झालो...

हुकावर नुसता काटा झुलत होता.

बाई नव्हती. गाठोडे नव्हते. रोटावेटर फिरवलेल्या भुसभुशीत मातीवर टॉर्चचा प्रकाश दूरपर्यंत टाकला. एकही पाऊल उमटलेले नव्हते.

खस्... खस्...

आवाज लांब जात होता.

घरी कसा पोहोचलो, ते सांगता येणार नाही. पोहोचल्यावर मात्र पहिले काम काटा तपासण्याचे केले. पाच लिटर पाण्याची कॅन लावली. पाच किलो. काट्यात कसलाही दोष नव्हता.

मी तो ओसरीतल्या खिळ्याला अडकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी तिथेच संत्रे सोलत बसलो होतो. गल्लीत कुत्रे भुंकत होते. ते मध्येच थांबले.

किर्र...

स्प्रिंग ताणली जात होती.

आकडीला काही नव्हते. तबकडीवरचा काटा मात्र सरकत होता. सावकाश. चौदावर येऊन थांबला.

मी दिवा लावीपर्यंत तो तसाच राहिला. मग शून्यावर गेला.

पुढच्या संध्याकाळीही तेच. चौदा.

सकाळ होताच मी रज्जाकभाईंचे घर गाठले. वेचणीच्या बायांची मुकादमीण मनकर्णाबाई तिथेच अंगणात बसली होती. मी सगळे सांगितले. रज्जाकभाईंच्या हातातला कप हातातच राहिला.

"जनकाबाई," मनकर्णाबाई म्हणाली.

दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळी थांब्यावर मोजणी सुरू होती. जनकाबाई कपाशीच्या सगळ्यांत शेवटच्या ओळीत होती. गाठोडे बांधून उचलताना तिला साप चावला. धावाधाव झाली, जीप आली. दवाखान्याच्या वाटेतच ती गेली. त्या गडबडीत तिचे गाठोडे कोणीतरी सोडून ढिगात ओतले.

"साऱ्याइचं मोजलं," रज्जाकभाई म्हणाले. "तिचं राह्यलं. मी अंदाजानं दहा धरलं, सर."

"आन तुमी तिले चक्क घराचा पत्ता देला?" मनकर्णाबाईने विचारले. "पाहुणीले देते तसा? काऊन?"



"आकडा बोलाले पाह्यजे होता," रज्जाकभाई हळूच म्हणाले. "मोजणारा मोठ्यानं आकडा बोलते. बाई 'भरला' म्हणते, तवा तिची सुट्टी होते. त्याच्याबिगर कोणतीच बाई शेत सोडत नाही."

"काटा शून्यावर होता."

"मंग आता किती दाखवते?"

"चौदा."

मनकर्णाबाईने पदर डोळ्यांना लावला. "औंदा कोणाले आठाच्या वर झाला नाही. खरंच जास्त होता तिले." मग ती म्हणाली, "तिची पोरगी अजून रोज संध्याकाळी दारात बसते, सर. उठवली तरी उठत नाही."

त्या संध्याकाळी काटा पुन्हा चौदावर आला.

फक्त दोन शब्द बोलायचे होते.

मी बोललो नाही.

पाण्याचा तांब्या भरून पायरीवर ठेवला आणि समोर बसून राहिलो. सुभद्रा गेल्यापासून दिवेलागणीच्या वेळी त्या ओसरीवर कोणी आलेले नव्हते. मला भीती वाटत होती. पण घर रिकामे वाटत नव्हते.

रात्रभर ती दारात बसलेली मुलगी डोळ्यांपुढे राहिली.

दुसऱ्या संध्याकाळी काटा थांबताच मी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "चौदा किलो."

गल्ली स्तब्ध होती...

"भरला."

पायरीवरून. अगदी साध्या आवाजात, दिवसभराचे काम संपल्यावर कोणीही म्हणावे तसे.

काटा सरसर शून्यावर गेला. तांब्यातले पाणी काठोकाठ तसेच होते.

थोड्या वेळाने रज्जाकभाईंचा फोन आला. "सर, पोरगी आज आपल्या पायानं उठली आन आत गेली. जेवली म्हणते."

त्यानंतर मी त्या वाटेवर सायकल नेलेली नाही. अश्विनी नकाशा मागते, मित्रांना घेऊन येईन म्हणते. मी अजून पाठवलेला नाही.

काटा त्याच खिळ्याला आहे. मी तो काढत नाही. रोज दिवेलागणीला त्याच्यासमोर बसतो. शून्य म्हणजे आकडीला काही नाही, असे मी आयुष्यभर शिकवले. पण त्या दिवशी थांब्यावर भरलेले गाठोडे माझ्या डोळ्यांसमोर लटकत होते, तेव्हाही तबकडीवर तोच आकडा होता.

आज. सायंकाळचे पाच वाजून पस्तीस मिनिटे. गल्लीतले कुत्रे आत्ताच गप्प झाले आहे.

काटा: शून्य.